दारं धरताना ऐकावं असं: आनंदघन



या आठवड्याची नोंद खतापाण्याची नाही. आडसालीची मोठी बांधणी उरकली, खोडव्याला पाणी चालू आहे आणि लाईट रात्रीची आहे. रात्री दारं धरणाऱ्याला सोबत दोघांचीच: हातातली बॅटरी आणि खिशातला मोबाईल. मोबाईलवर काय लावायचं हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, म्हणून आज एका संगीतकाराची शिफारस करतो. नाव आनंदघन.

नाव वाचून 'हे कोण बुवा?' असं बऱ्याच जणांच्या मनात येईल. पण याच संगीतकाराची गाणी तुम्ही लहानपणापासून ऐकताय. 'ऐरणीच्या देवा', 'अखेरचा हा तुला दंडवत', 'शूर आम्ही सरदार', 'रेशमाच्या रेघांनी', 'बाई बाई मनमोराचा', 'माळ्याच्या मळ्यामंदी'. गाणी सगळी घरातली आणि संगीतकार मात्र अनोळखी.

उसाचंही आपल्याकडे असंच आहे. ८६०३२ लावतो, फुले २६५ लावतो. ८६०३२ ला आपल्या राज्यात 'नीरा' असं नाव दिलेलं आहे, ते किती जणांना ठाऊक आहे? २६५ ज्या पाडेगावच्या केंद्रातून आली ते केंद्र आपल्याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यात, १९३२ सालापासून उभं आहे. तिथं रोपावर वाकून वर्षानुवर्षं निवड करणाऱ्या माणसांची नावं गावात कुणाच्या तोंडी नाहीत. द्राक्षात निदान 'तास-ए-गणेश' या नावात तासगाव तरी शिल्लक राहिलं. चांगली गोष्ट सगळीकडे पसरली की करणाऱ्याचं नाव मागं पडतं. आनंदघनचं तेच झालं, फक्त इथं गंमत वेगळी आहे.

आनंदघन म्हणजे लता मंगेशकर.

हे मी आमच्या भागातल्या एका कृषी सहायकांना बांधावर सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "दादा, लताबाई आणि दुर्लक्षित? काय तरीच काय!" त्यांचं हसणं बरोबरच आहे. भारतरत्न मिळालेल्या बाईला दुर्लक्षित कोण म्हणेल? पण मी गायिकेबद्दल बोलत नाही, संगीतकाराबद्दल बोलतोय. बांधावर मोठं झाड असलं की त्याच्या सावलीतल्या दोन सऱ्या कायम मागं राहतात. बी तेच, खत तेच, पाणी तेच, फक्त ऊन मिळत नाही. लताबाईंच्या गाण्याची सावली एवढी मोठी की त्यांचंच संगीत त्या सावलीत गेलं. 'ऐरणीच्या देवा' लागलं की सगळे म्हणतात, काय आवाज आहे! ती चाल कुणाच्या डोक्यातून निघाली हे कुणी विचारत नाही.

हिशोब अगदी थोडा आहे. 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला त्यांनी स्वतःच्या नावानं संगीत दिलं. मग आनंदघन या नावानं चार चित्रपट केले: 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९). आनंदघनचे चारही भालजी पेंढारकरांचे. भालजी म्हणजे कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ. १९६९ नंतर लताबाईंनी संगीतकार म्हणून चित्रपट केला नाही. सगळं पीक एवढंच.

नाव बदलायचं कारण त्यांनी मुलाखतीत सांगितलेलं आहे. भालजींना 'मोहित्यांची मंजुळा'साठी संगीतकार मिळत नव्हता. लताबाई म्हणाल्या, मी करते. भालजींना काळजी पडली, की चित्रपट पडला तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा लागायचा. मग टोपणनाव घ्यायचं ठरलं. भालजींनी 'जटाशंकर' सुचवलं, ते बाईंना पसंत पडलं नाही. त्यांनी समर्थ रामदासांच्या रचनेतला 'आनंदघन' हा शब्द उचलला. आनंदाचा ढग. सज्जनगडाच्या पायथ्याकडच्या लोकांना हा शब्द परका वाटायचं कारण नाही. पुढच्याच चित्रपटाचं नावही समर्थांच्या ओळीतलं, 'मराठा तितुका मेळवावा'. म्हणजे संगीतकाराचं नाव आणि चित्रपटाचं नाव, दोन्ही सातारच्या मातीतून गेलेलं.

आणि कान सांगलीत घडलेले. दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, लताबाईंचं बालपण तिथं गेलं. आशाबाईंचा जन्म १९३३ चा आणि हृदयनाथांचा १९३७ चा, दोघंही सांगलीचेच. १९४२ साली वडील गेल्यावर लताबाई मास्टर विनायकांच्या कंपनीत लागल्या, ती कोल्हापूरची. म्हणजे कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची ओवी, भजन, पोवाडा, आरतीची लय हे सगळं मुंबईच्या आधी त्यांच्या कानावरून गेलेलं असणार. ज्या वर्षी हिंदीत 'गाईड'ची गाणी त्या गात होत्या, त्याच वर्षी कोल्हापूरच्या चित्रपटासाठी लोहाराच्या भात्याची लय त्या बांधत होत्या.

आता शिफारस. चारही चित्रपटांचं संगीत ऐका, पण या क्रमानं ऐका. क्रम वर्षाप्रमाणं लावलेला नाही, रानात काम करणाऱ्या माणसाच्या सोयीनं लावला आहे.

पहिलं, 'साधी माणसं'.

लोहाराच्या जोडप्याची गोष्ट, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. 'ऐरणीच्या देवा' यातलं. गीत जगदीश खेबुडकरांचं, आवाज लताबाईंचा. आमच्या गावात लोहाराचं साळ होतं तेव्हाची ज्यांना आठवण आहे त्यांनी हे गाणं डोळे मिटून ऐकावं. पहारीला टोक काढायला, खुरप्याला पाणी द्यायला, फाळ घेऊन आपण तिथं बसलेलो असायचो. लोहार सांडशीनं तापलेलं लोखंड धरायचा, हातातल्या लहान हातोडीनं जागा दाखवायचा आणि घण मारायची त्याची बायको. दोघांत शब्द नसायचा. हातोडी टक् झाली की घण दण्. मधे जो क्षण रिकामा जायचा, त्यात बाई श्वास घ्यायची.

आनंदघनने तो रिकामा क्षण गाण्यात ठेवला आहे. मला या संगीतातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. चाल घाई करत नाही. ठोका पडतो, मग जागा मिळते, मग पुढचा ठोका. गाणं प्रार्थनेचं आहे, पण ते देवळात बसून केलेल्या प्रार्थनेसारखं नाही. हात कामात असताना केलेली प्रार्थना आहे. ग्रामीण चित्रपटांतली कितीतरी गाणी अशी असतात की काम करणारी नटी विळा हातात धरून उभी असते आणि गाणं भलतीकडेच पळत असतं. त्या चालीवर कुणी खुरपायला बसलं तर दम लागेल. 'ऐरणीच्या देवा'वर मात्र बायका पात धरून भांगलण करू शकतात, आणि करत होत्या. आमच्या आईच्या टोळीत हे गाणं म्हणत पात संपायची.

राज्य शासनाच्या चित्रपट पुरस्कारांत 'साधी माणसं'ला संगीताचा पुरस्कार मिळाला. आनंदघन कोण हे तोवर बहुतेकांना ठाऊक नव्हतं. समारंभात नाव पुकारलं गेलं आणि मग तिथंच जाहीर झालं की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. तेव्हा कुठं बाई उठून पुरस्कार घ्यायला गेल्या. विचार करा, पुरस्कार देणाऱ्यांनी मोठं नाव बघून नव्हे, काम बघून दिलेला होता. आपल्या पीक स्पर्धेत प्लॉटला नुसता नंबर टाकून तपासणी केली तर जसा निकाल लागेल तसा तो निकाल.

याच चित्रपटातलं 'माळ्याच्या मळ्यामंदी' रात्री दारं धरताना लावा. पाटाच्या पाण्याचं गाणं आहे. सरीला पाणी सोडलं की ते धावत नाही. आधी ढेकळं भिजवतं, थोडं थांबतं, भरतं आणि मग पुढं सरकतं. या गाण्याचा वेग मला नेमका तसा वाटतो. ठिबक आल्यापासून पाटाचं पाणी कमी झालं, ते बरंच झालं, पाणी वाचलं, जमिनी क्षारपड होण्याचं प्रमाण आटोक्यात यायला मदत झाली. माझाही अर्धा ऊस आता ठिबकवर आहे. पण आटपाडीकडचे पाहुणे सांगतात, टेंभूचं पाणी पहिल्यांदा शिवारात आलं तेव्हा म्हातारी माणसं नुसती पाटाच्या कडेला जाऊन बसायची. कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी आपल्या दारात वाहताना बघायला. ज्याच्या भागात पाणी उशिरा आलं त्याला हे गाणं जास्त कळेल.

दुसरं, 'मराठा तितुका मेळवावा'.

यातली तीन गाणी एका बैठकीत ऐका. तीन गाण्यांचे तीन स्वभाव आहेत आणि संगीतकाराचा आवाका त्यातून समजतो.

'शूर आम्ही सरदार' शांता शेळक्यांचं गीत, गायलंय हृदयनाथांनी. शाळेच्या गॅदरिंगला आजही पोरं तलवारी घेऊन यावर नाचतात. चाल अशी सरळ आणि ठाम आहे की न गाणारा माणूसही दुसऱ्या कडव्याला सामील होतो. सोपी चाल बांधणं अवघड असतं. सगळ्यांना पेलेल आणि तरी पातळ होणार नाही, असं माप त्यात सांभाळावं लागतं.

'रेशमाच्या रेघांनी' गीत पुन्हा शांताबाईंचं, आणि गायलंय आशाबाईंनी. कर्नाटकी कशिद्याचं गाणं. मिरज आणि जत तालुक्यांतल्या लोकांना तो कशिदा वेगळा सांगायला नको, सीमेपलीकडं निम्मे सोयरे आहेत. या गाण्यात मला संगीतकाराची पारख दिसते. तेव्हा लताबाई देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या गायिका. संगीतही त्यांचंच. हे गाणं स्वतः गायल्या असत्या तर कोण अडवणार होतं? पण ठसका आशाबाईंचा पाहिजे हे त्यांनी ओळखलं आणि गाणं बहिणीला दिलं. ऊसतोडीचा चांगला मुकादम बघा, कोयता कुणाच्या हातात द्यायचा, मोळी कुणी बांधायची आणि गाडी कुणी भरायची हे माणूस बघून ठरवतो. सगळं स्वतःच करतो म्हणणारा मुकादम दोन दिवसांत टोळी बसवतो. संगीतकाराचं निम्मं काम मुकादमाचंच असतं.

आणि तिसरं 'अखेरचा हा तुला दंडवत'. गीत 'योगेश' यांचं. योगेश हेही टोपणनाव, खुद्द भालजी पेंढारकरांचं. म्हणजे गाणं लिहिणाऱ्यानं नाव झाकलेलं आणि चाल लावणारीनंही. गाव सोडून जाणाऱ्या माणसाचं गाणं आहे. ऐतिहासिक चित्रपटातलं आहे, आपल्या आजच्या कशाशी त्याचा संबंध नाही. पण ते आलं १९६४ साली. साताऱ्याच्या लोकांना ती वर्षं वेगळ्या कारणासाठी लक्षात आहेत. पाटण आणि जावळी तालुक्यांतली कोयनाकाठची गावं त्याच काळात शिवसागराच्या पाण्याखाली गेली. माणसं गाडग्यामडक्यासकट उठली, कुणी कोकणात, कुणी सोलापूरकडं, कुणी सांगली जिल्ह्यात जाऊन वसली.

आमच्या शिवाराला लागून तशी एक वस्ती आहे. तिथल्या एक म्हाताऱ्या मावशी दुपारी बांधावर शेळ्या घेऊन येतात. मागं एकदा लागणीच्या वेळी माझ्या मोबाईलवर हे गाणं चालू होतं. गाणं संपेपर्यंत त्या काठी टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. म्हणाल्या, "आमी निघालो तवा मी नऊ-धा वर्साची. गाणं बिणं कुणाला सुचत हुतं व्हय? आई भांडी मोजत हुती. तीनदा मोजली. दर बारीला येक तांब्या कमीच भरायचा."

थोडं थांबून परत म्हणाल्या, "पर चाल बराबर लावलीया. रडत न्हाई ती. चालत चालत मागं बघती."

मी या गाण्यावर बरंच वाचलंय. पण चालीचं इतकं नेमकं वर्णन कुठं वाचलेलं नाही. खरंच, या गाण्यात रडारड नाही. पाऊल पुढं पडतंय आणि मान मागं वळतेय, एवढंच सुरांत आहे. दुःखाच्या गाण्यात संगीतकाराला मोह होतो की वाद्यं भरावीत, आवाज थरथरवावा, ऐकणाऱ्याला रडवूनच सोडावं. आनंदघनने तो मोह आवरला. म्हणून साठ वर्षांनंतरही ज्यांचं गाव खरोखर गेलंय त्यांना हे गाणं खोटं वाटत नाही. त्यांच्यापुढं ते टिकतं, ही माझ्या मते कुठल्याही पुरस्कारापेक्षा कडक परीक्षा आहे.

तिसरं, 'तांबडी माती'.

दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर दिसले ते या चित्रपटात. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही याला मिळाला. तांबडी माती म्हटलं की आपल्याकडं आधी तालमीचा हौदा डोळ्यांपुढं येतो. काळ्या रानाच्या गावातही हौद्यासाठी माती लाल आणायची, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरवायचं. त्या मातीला पाय लावताना आधी हात लावून कपाळाला न्यायचा.

यातलं 'जीवाशिवाची बैलजोड' शर्यतीच्या मैदानावर स्पीकरवरून ऐकलं नाही असा आपल्या भागात माणूस नसेल. २०१४ साली न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांत मैदानं ओस होती. माण, खटाव, आटपाडी, जत भागात खिलार खोंडांचे भाव बसले, दावणी रिकाम्या झाल्या. पण गाणं वाजत राहिलं, वरातीत, बेंदराला, ट्रॅक्टरवर सुद्धा. आज पुसेगावच्या यात्रेत खिलाराच्या पाठीवर गुलाल दिसतो तेव्हा हेच गाणं लागतं.

हे गाणं पुढच्या वेळी नीट ऐका. बैलगाडीचं गाणं म्हटलं की घुंगरं वाजवायची आणि चाल पळवायची, हा सोपा रस्ता. पण ज्यानं बैल जुंपलाय त्याला ठाऊक आहे की जोडी पळायला लागायच्या आधी मान डोलावते, दमदार चालते, एकमेकाला पायात पाय जुळवून घेते. जोडी जुळली नाही तर नुसत्या पळण्याला अर्थ नाही. या गाण्याला तो डौल आहे. शर्यतीपेक्षा जोडीवरच्या मायेचं गाणं आहे ते. वेसण ओढून नव्हे, पाठीवर हात ठेवून बैल चालवणाऱ्याचं.

चौथं, 'मोहित्यांची मंजुळा'.

आनंदघन नावाची ही पहिली लागण. मोहिते म्हटलं की कराड तालुक्यातल्या माणसाला तळबीड आठवतं, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव. 'बाई बाई मनमोराचा' यातलं, गीत खेबुडकरांचं. मी हे शेवटी ठेवलं, कारण ते निवांतपणी ऐकायचं आहे. काम करताना ऐकलं तर काम थांबतं. झोके घेणारी चाल आहे, पंचमीच्या झाडाखालची. पहिल्याच प्रयत्नात इतकी सहज चाल ज्याला जमली, त्याच्या बियाण्यात काहीतरी होतं असं म्हणावं लागतं.

चारही ऐकून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येईल. आपल्या मराठी ग्रामीण चित्रपटाला मोठे संगीतकार लाभले. 'सांगत्ये ऐका'चे वसंत पवार, 'पिंजरा'चे राम कदम, आणि राम कदम तर आपल्या मिरजेचे. त्यांची नावंही जेवढी घ्यायला पाहिजेत तेवढी घेतली जात नाहीत, त्यांच्यावर वेगळी नोंद करीन. पण त्यांचं गाजलेलं संगीत बहुतेक बोर्डावरचं, ढोलकीच्या आणि घुंगराच्या संगतीतलं. तमाशाचा कनात तंबू डोळ्यांपुढं उभा करणारं. आनंदघनचं संगीत कनातीच्या बाहेरचं आहे. लोहाराचं साळ, पाटाची कड, बैलाची दावण, पंचमीचा झोका, गावाची वेस. ज्या जागांवर आपला दिवस जातो त्या जागांचं संगीत.

त्यातल्या कितीतरी जागा आता उरलेल्या नाहीत. लोहाराचं साळ गेलं, तिथं वेल्डिंगचं दुकान आलं. दावणीला बैलाऐवजी ट्रॅक्टर उभा. आमच्या घरातल्या पोराला ऐरण म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावं लागलं. यात हळहळण्यासारखं फार नाही. घण मारून त्या बाईचे खांदे जायचे, हे मी बघितलंय. ते कष्ट परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण त्या कष्टाला जी लय होती ती कुठंतरी जपून ठेवलेली असावी. बियाण्याच्या बँकेत जुनी वाणं ठेवतात तशी. खपली गहू आपल्या कृष्णाकाठी थोड्या घरांनी धरून ठेवला म्हणून आज त्याला भाव मिळतोय. ही चार चित्रपटांची गाणी म्हणजे तसं जपलेलं बी आहे.

आणि बी जपताना पिशवीवर नाव लिहायचं असतं. नाव नसलेली पिशवी चार वर्षांनी कुणी पेरत नाही.

म्हणून एक साधी विनंती. गावच्या कार्यक्रमात, शाळेच्या गॅदरिंगला, बँडच्या सुपारीत किंवा शर्यतीच्या मैदानावर यातलं गाणं लागलं तर निवेदकाला एवढं सांगायला लावा: संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर. गीत खेबुडकरांचं असेल तर खेबुडकरांचं, शांताबाईंचं असेल तर शांताबाईंचं नाव घ्या. दहा सेकंद लागतात. कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना तर मी हक्कानं सांगतो, कारण नाव मागं पडणं म्हणजे काय ते तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुमचं वाण लाखो एकरावर उभं असतं आणि बांधावर तुम्हाला कुणी ओळखत नाही.

ऐकायचं कसं तेही सांगतो. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, मोटारीच्या आवाजात निम्मं जातं. एका कानात इयरफोन घाला, दुसरा कान मोकळा ठेवा. रात्रीचं रान आहे, विंचूकाटा आहे, सरी फुटल्याचा आवाजही कानावर यायला पाहिजे. एका रात्रीत एकच चित्रपट. सुरुवात 'साधी माणसं'नं करा.

पुढची नोंद खोडव्यातल्या पाचटाची. पाचट पेटवू नका, तोडणी झाली की सरीत दाबून ठेवा, त्याचं गणित सविस्तर मांडतो.

राम राम.